कंगवा स्पष्ट आलाय

दादाने मिशी उतरवली ती माझ्या एका शब्दावर. शब्द होता ‘झकास’. कॅमेऱ्याची पाठ त्याच्यापुढे असताना मी तो ठोकून दिला, त्याने समाधानाने मान हलवली आणि आरशाकडे वळून साबणाचा ब्रश हातात घेतला. मला त्या स्क्रीनवर काय दिसत होतं म्हणाल, तर एक गव्हाळ डाग आणि त्यात आडवी काळी रेघ. डाग म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ आणि रेघ म्हणजे त्याची मिशी, हे आधीपासून माहीत होतं म्हणून कळलं, एवढंच.

फोटो काढणं हा माझा धंदा. गल्लीच्या तोंडाशी माझा स्टुडिओ आहे. पुढे काउंटरवर नवरा बसतो. मागे पडदा, दिवे, दोन स्टुलं आणि मी. लांबचं मला अजूनही घारीसारखं दिसतं. रस्त्यापलीकडच्या चपलांच्या दुकानात कोण खरंच घेणार आहे आणि कोण नुसतंच पायात घालून बघतंय, हे मी इथे बसून सांगू शकते. पण हाताच्या अंतरावरचं जग अलीकडे माझ्यावर रुसलं आहे. औषधाच्या पट्टीवरची अक्षरं, सुईचं नेढं, आणि कॅमेऱ्याच्या पाठीवरचा तो तळहाताएवढा स्क्रीन. चाळिशी लागली, दुसरं काय. नवऱ्याने मला न विचारता एक चष्मा आणून आरशापाशी ठेवला. मी तो उचलून स्टुडिओच्या ड्रॉवरमध्ये जुन्या बॅटऱ्यांखाली टाकला.

चष्मा लावायला माझी ना नव्हती. गिऱ्हाइकासमोर लावायला होती. एका शाळेत वर्गांचे फोटो काढताना मी कॅमेरा लांब धरत होते, जवळ आणत होते, डोळे बारीक करत होते. तिथल्या मुख्याध्यापिकाबाईंनी ते पाहिलं आणि अगदी मधाळ आवाजात विचारलं, “तुमच्याबरोबर दुसरं कुणी नाही का आलं?” ते वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं. फोटोवालीला दिसत नाही, ही बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो?

मग मी युक्त्या केल्या. कॅमेऱ्याला डोळा लावायचं जे भोक असतं, त्या व्ह्यूफाइंडरच्या शेजारी एक बारीकसं चाक असतं. ते फिरवलं की आतलं चित्र तुमच्या नंबराप्रमाणे स्वच्छ दिसतं, चष्म्याशिवाय. काढलेला फोटोही स्क्रीनवर न बघता त्याच भोकातून बघता येतो. लोकांना वाटतं बाई पुढचा फोटो घेतायत, आणि मी मागचा तपासत असते. पुढे उजवा डोळा जास्तच कुरकुर करायला लागला, तेव्हा मी डावा लावायला लागले. त्याच सुमारास जुना कॅमेरा थकला आणि नवा घेतला, बोट लावलं की चालणाऱ्या स्क्रीनचा. स्टुडिओत तो ट्रायपॉडवर उभा राहतो, समोरच्याचा चेहरा आपोआप ओळखतो, आणि माझं निभून जात होतं.

आता दादाचं. दादाचं सलून आमच्याच रस्त्यावर, चार दुकानं सोडून आहे. दोन फिरत्या खुर्च्या, भिंतभर आरसा, आरशाखाली फळी, फळीवर पावडरचे डबे, पाण्याच्या फवाऱ्याची बाटली, कात्र्या आणि ओळीने मांडलेले कंगवे. गिऱ्हाईक नसलं की तो माझ्या स्टुडिओच्या दारात येऊन उभा राहतो आणि आत बसलेल्या माणसाला सांगतो, “घाबरू नका, आमची बहीण आहे. तिच्या डोळ्यातून काही सुटत नाही.” हे तो गेली कित्येक वर्षं सांगतो आहे. मी त्याला कधी गप्प बस म्हटलं नाही, आवडायचं मला.

त्याच्या डाव्या जबड्यात गाठ निघाली. आधी दाढ दुखते म्हणून लवंगेचं तेल लावत बसला. मग तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, खालचा जबडा डावीकडून निम्मा काढावा लागेल, पायाचं हाड घेऊन तिथे बसवू, हळूहळू जेवता येईल, बोलता येईल.

“आणि चेहरा?” वहिनींनी विचारलं.

“चेहरा असेल,” डॉक्टर म्हणाले. “पण हा नसेल.”

दाखल व्हायच्या दिवशी सकाळीच दादाचा फोन आला. “मने, कॅमेरा घेऊन दुकानात ये. दुपारी निघायचंय. दाढी-मिशी सफाचट करून या म्हणालेत. तिथला कुणी ऐरागैरा माझ्या मिशीला हात लावणार, त्यापेक्षा मीच उतरवतो. पण आधी फोटो. नीट काढ.”

खरं म्हणजे घरात त्याचा एकही नीट फोटो नाही. मी धंदा सुरू केला तेव्हा सुट्टीच्या दिवशी तो माझ्याबरोबर यायचा आणि उजेड परतवायला पांढरा कापडी पडदा धरून उभा राहायचा. त्यामुळे घरच्या, दारच्या सगळ्या फोटोंत दादा आहे तो कोपरापुरता. हे मला त्या सकाळी कॅमेरा पिशवीत भरताना सुचलं.

सलूनचं शटर अर्धंच वर होतं. दादा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत, आरशाकडे पाठ करून बसला होता. इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी लावलेलं, मिशी कात्रीने कोरलेली. डावा गाल जरासा वर आलेला, पण लक्षात यावा असा नाही. वहिनी माझ्यामागे हॉस्पिटलची पिशवी पोटाशी धरून उभ्या होत्या.

“फोटो कशाला हवाय, सांगू?” दादा म्हणाला. “इथे पोरं मोबाइलवर फोटो घेऊन येतात. म्हणतात, काका, असं करून द्या. मी नाही म्हणतो का? समोर ठेवतो आणि तसं करून देतो. मीपण उद्या डॉक्टरांना फोटो देणार. म्हणणार, साहेब, असं करून द्या.”

वहिनींनी तोंड फिरवलं. मी पिशवीतून कॅमेरा काढला.

कॅमेरा त्याच्याकडे धरला, तर फोकसची चौकट दादाला सोडून आरशातल्या वहिनींच्या चेहऱ्यावर जाऊन बसली. पुन्हा धरला, पुन्हा तेच. “तुझ्या कॅमेऱ्याला पारख आहे,” दादा म्हणाला. मी चेहरा ओळखायची सोय बंद केली. आता फोकसची एकच बारीक चौकट उरली. ती मधोमध आणली, दादाच्या डोळ्यावर ठेवली आणि कॅमेरा माझ्या डाव्या डोळ्याला लावला.

“हसू का?”

“एरवी विचारतोस का?”

“एरवी कोण बघतंय?” तो म्हणाला, आणि हसला.

ते त्याचं हसणं उजवीकडून सुरू होतं आणि डावीकडे पोचेपर्यंत मिशी तिरकी होते. लहानपणापासून मी ते बघत आले आहे. उद्या दुपारनंतर ते डावीकडे पोचणार नाही, हे डोक्यात आलं आणि माझा डोळा भरून आला. व्ह्यूफाइंडरचं रबर ओलं झालं. आत सगळं पाण्याखाली गेल्यासारखं दिसत होतं. पण बटण अर्धं दाबलं की फोकस धरल्याचा बारीक ‘पीप’ येतो, तो येत होता. त्या आवाजाच्या भरवशावर मी फोटो काढत गेले. समोरून, उजवीकडून, गाठीच्या बाजूने, हसताना, गंभीर.

“बघू,” म्हणत दादा उठला आणि त्याने कॅमेरा माझ्या हातातून घेतला. हात लांब करून धरला. त्याचा चष्मा शर्टाच्या खिशातच होता, पण तो लावला की नाकावर वळ उठतो आणि फोटोसाठी त्याला आज वळ नको होता. मी त्याच्या शेजारी उभी राहिले आणि मीही मान मागे नेली. आम्ही दोघं भावंडं डोकी मागे टाकून त्याच्या पसरलेल्या हाताच्या टोकाकडे बघत होतो. वहिनींनी बघितलंच नाही. त्यांना त्या चेहऱ्याकडे फोटोत बघवत नव्हतं.

मी बोट लावून चित्र मोठं केलं. डाग मोठा झाला. मला हल्ली सगळेच फोटो तिथे असे दिसतात, त्यामुळे मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. धूसर असेल तो माझा डोळा असेल, नाहीतर डोळ्यातलं पाणी असेल. फोटोच धूसर असेल, असं मनात आलं नाही असं नाही. आलं, आणि मी ते बाजूला सारलं.

“कसा आलाय?” दादाने विचारलं. “तू सांग. डोळा तुझा.”

“झकास,” मी म्हणाले.

मला वाटलं होतं, दोन मिनिटं मिळतील, डोळे पुसून भोकातून एकदा नीट बघून घेईन. पण तो लगेच आरशाकडे वळला. गळ्याभोवती कापड स्वतःच बांधलं. साबणाचा फेस मिशीवर चढला आणि वस्तऱ्याच्या पहिल्याच फटक्याला ती मधोमध तुटली. आता बघून काय करायचं होतं? मी कॅमेरा पिशवीत ठेवला. दादा आमच्याकडे पाठ करून वस्तरा चालवत राहिला आणि काम होईपर्यंत एक शब्द बोलला नाही. मग तो आणि वहिनी रिक्षात बसून गेले.

स्टुडिओत येऊन मी कार्ड संगणकाला लावलं. तो स्क्रीन मोठा आहे आणि मी खुर्ची मागे सरकवून लांबून बघते, तिथे मला कुणाच्या मदतीची गरज लागत नाही. पहिला फोटो उघडला आणि खुर्ची आणखी मागे सरकवली.

“अरे, इकडे ये जरा,” मी नवऱ्याला हाक मारली. “हे मला दिसत नाहीये, की खरंच तसं आहे?”

हा प्रश्न मी तोंडाने पहिल्यांदाच विचारत होते. त्याच्या ते लक्षात आलं असावं, कारण तो लगेच उठून आला, स्वतःचा चष्मा लावला आणि वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

“कंगवा स्पष्ट आलाय,” तो म्हणाला.

आला होता. दादाच्या खांद्यामागे, फळीच्या उजव्या टोकाला ठेवलेला काळा कंगवा. त्याचा दात न् दात मोजून घ्यावा असा. एका दातात अडकलेला केससुद्धा दिसत होता. आणि त्याच्या पुढे माझा भाऊ, वाफेने भरलेल्या काचेमागे बसल्यासारखा. दुसरा फोटो, तिसरा, पुढचा, शेवटचा. सगळ्यांत कंगवा, नाहीतर पावडरचा डबा. दादा एकातही नाही.

मी कॅमेरा उचलून डोळ्याला लावला आणि कोरड्या डोळ्याने आत बघितलं. चौकट मधोमध होती. मी कॅमेरा जरा घट्ट टेकवला, तशी ती निघाली आणि सरकत सरकत उजव्या कडेला जाऊन बसली. कॅमेरा खाली घेतला, तर स्क्रीनवर तेलकट ठसा होता. माझ्या नाकाचा. उजवा डोळा लावत होते तोवर नाक कॅमेऱ्याच्या बाहेर राहायचं. डावा लावला की ते बरोबर स्क्रीनवर येतं, आणि त्या शहाण्या कॅमेऱ्याला वाटतं की बाईंचं बोट आहे, बाईंना चौकट तिकडे हवी आहे. एरवी मी नाकावर माशी बसू देत नाही, आणि त्याच नाकाने मी माझ्या भावाचा चेहरा पुसून टाकला होता.

“संगणकावर काही होईल का?” नवऱ्याने विचारलं.

“जे आत आलंच नाही ते काढू कुठून?”

“मग आत्ता काही बोलू नकोस त्याला. उद्या ऑपरेशन आहे. नंतर बघू.”

“नंतर काय बघू?” मी त्याच्यावर खेकसले. त्याचा काही दोष नव्हता. पण त्या वेळी समोर तोच होता.

तेवढ्यात वहिनींचा फोन आला. “दाखल करून घेतलंय गं. हे विचारतायत, फोटो छापून मिळेल का? सकाळी आत न्यायच्या आधी डॉक्टरांच्या हातात द्यायचा म्हणतात. नर्सला पण सांगून झालंय, आमच्या बहिणीने काढलाय, बघा तुम्ही म्हणून.”

“आणते,” मी म्हणाले आणि फोन ठेवला. काय आणणार होते, देव जाणे. दुसऱ्या कुणाचं काम बिघडलं असतं तर मी हजार कारणं दिली असती, कार्ड खराब निघालं म्हणाले असते, पुन्हा काढून दिलं असतं. पण तो चेहरा आता कुठेच नव्हता. मिशी सलूनच्या केराच्या डब्यात होती आणि बाकीचा उद्या सकाळी जाणार होता. मी ड्रॉवर उघडला, जुन्या बॅटऱ्या बाजूला केल्या आणि चष्मा काढला. काचेवर धूळ बसली होती. ती पदराला पुसून कॅमेरा उचलला आणि निघाले.

हॉस्पिटलच्या जिन्यापाशीच मी चष्मा चढवला, कारण नंतर धीर होणार नाही असं वाटलं. पण तो जवळचा चष्मा. लांबचं सगळं विरघळलं. व्हरांड्यात मी एका स्ट्रेचरला धडकता धडकता वाचले. शेवटी काढून हातात घेतला आणि वॉर्ड गाठला.

दादा खिडकीजवळच्या खाटेवर बसला होता. हॉस्पिटलचे ढगळे कपडे, हाताला सुई लावून ठेवलेली. मिशीविना तो कुणीतरी दुसराच वाटत होता. वहिनी स्टुलावर बसून सफरचंद सोलत होत्या. तो मला बघून म्हणाला, “आणलास?”

“दादा, सकाळचे फोटो बिघडले. सगळे.”

त्याचा हात आपसूक ओठावर गेला. तिथे काही नव्हतं. वहिनींची सुरी थांबली.

“सगळे?”

“कंगवा चांगला आलाय,” मी म्हणाले आणि मला रडू फुटलं.

तो हसला नाही. मला वाटलं होतं हसेल. “तू झकास म्हणालीस,” तो म्हणाला. “मी त्यावर वस्तरा लावला, मने.”

“मला दिसत नव्हतं रे. दीड-दोन वर्षं झाली. जवळचं काही दिसत नाही मला.”

“मग बोलायचं ना.”

“तुला तरी कुठे दिसत होतं? तूही हात लांब करून बघतच होतास की.”

“नव्हतं दिसत,” तो म्हणाला. “म्हणून तर तुला विचारलं.”

वहिनी उठल्या आणि पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेल्या. मी खाटेच्या कडेला बसले. चष्मा लावला. लांबून काही दिसेना, म्हणून पुढे सरकले, आणखी सरकले, त्याचा श्वास माझ्या हाताला लागेपर्यंत. तेव्हा कुठे त्याचा चेहरा जागेवर आला.

इतक्या जवळून मी त्याला किती काळात बघितलं नव्हतं, कोण जाणे. मी कायम कॅमेऱ्याच्या मागे, चार पावलांवर. सकाळी मला नीट न दिसलेली गाठ आता स्पष्ट दिसत होती, कातडीखाली ताणलेली, चकचकीत. डोळ्यांखाली झोप न झाल्याच्या रेघा होत्या. आणि वरच्या ओठावर, जिथे मिशी होती तिथे, वस्तऱ्याचे दोन बारीक काप होते. रक्त सुकून काळं झालेलं. आयुष्यभर लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवला, पण दादाच्या हातून कुणाला ओरखडा उठल्याचं मी ऐकलं नव्हतं. सकाळी आमच्याकडे पाठ करून तो गप्प का होता, ते मला आता कळलं. त्याचा हात थरथरत होता.

“काय बघतेस?” त्याने विचारलं.

“तुला.”

“दिसतोय?”

“दिसतोयस.”

तो खिडकीच्या उजेडात सरकून बसला. मग म्हणाला, “काढ तर मग. डॉक्टरांना मिशीचं काय करायचंय? जबड्यापुरतं बघतील.”

मी स्क्रीनची बोटाने चालायची सोय बंद केली. मेन्यूतली बारीक अक्षरं चष्म्यातून नीट वाचली आणि मगच बटण दाबलं. कॅमेरा डोळ्याला न लावता समोर धरला, आणि स्क्रीनवर चौकट बटणांनी त्याच्या पापणीवर नेऊन ठेवली. खिडकीच्या पडद्यातून संध्याकाळचा पिवळा उजेड त्याच्या उजव्या गालावर येत होता. मी त्याला हस म्हटलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. काढलेला फोटो लगेच मोठा करून बघितला. पापणीचे केस दिसले. ओठावरचे काप दिसले. काप, गाठ, डोळे, पुन्हा एकदा सगळं तपासलं, कारण आता माझा माझ्यावर विश्वास उरला नव्हता.

“कसा आलाय?” दादाने विचारलं.

जिभेवर तोच शब्द आला होता. गिळून टाकला.

“घाबरलेला आलायस,” मी म्हणाले.

त्याने माझ्या नाकावरचा चष्मा अलगद काढला, स्वतःच्या डोळ्यांवर चढवला आणि कॅमेरा हातात घेतला. या वेळी हात लांब केला नाही. जवळ धरून कितीतरी वेळ तो स्वतःकडे बघत होता.

“मग बरोबर आलाय,” तो म्हणाला. “छापून आण. आणि डॉक्टरांना सांग, घाबरलेलं तेवढं वगळा, बाकी असाच करून द्या.”